ओहायोची मतपत्रिका : संहितापाठ कीं पदपाठ ?

(१)

इ. स. १९४९ च्या नोव्हेंबर महिन्याच्या ८ व्या तारखेस अमेरिकेंतील ओहायो संस्थानच्या मतदारांपुढें एक प्रश्न ठेवण्यांत आला. कोणास निवडावें, हा तो प्रश्न नव्हता. निवडतांना कागदावर खूण कशी करावी, हा होता. दहा लक्षांहून अधिक मतदारांनीं जुनी रीत बदलावी असें मत दिलें. सुमारें साडेसात लक्षांनीं ती राखावी असें दिलें. आणि संस्थानच्या राज्यघटनेच्या पांचव्या प्रकरणांत एक नवें कलम दाखल झालें. या घटनेविषयीं एक मत रूढ आहे. तें असें कीं, हा सारा खटाटोप सेनेटर रॉबर्ट टॅफ्ट यांस १९५० च्या निवडणुकींत तारण्याकरितां रचलेला डाव होता. हें मत निराधार नाहीं. परंतु तें अपुरें आहे, आणि अपुरें असूनहि पूर्ण म्हणून चालत आलें आहे. म्हणून त्याची चिकित्सा करणें अवश्य वाटतें.

विषय परदेशचा असला तरी या पृष्ठांच्या वाचकांस तो परका वाटूं नये. जुना कागद हातीं आला म्हणजे आपण तीन गोष्टी पाहतों : त्यांत लिहिलें काय आहे, तें मांडलें कसें आहे, आणि मांडणाराचा हेतु काय होता. मतपत्रिका हाहि एक कागदच आहे. किंबहुना ज्याची मांडणी पालटली म्हणजे फळ पालटतें असा तो विलक्षण कागद आहे. पोथींतील पाठभेदानें अर्थ पालटतो. येथील पाठभेदानें राज्यकर्ता पालटण्याचा संभव असतो. म्हणून पाठचिकित्सेची जी शिस्त आपण पोथ्यांस लावतों, तीच या कागदास लावून पाहण्याचें येथें योजिलें आहे.

(२)

एकोणिसाव्या शतकाच्या बहुतेक काळांत अमेरिकेंत सरकार मतपत्रिका छापीतच नसे. प्रत्येक पक्ष आपल्या उमेदवारांच्या नांवांची चिठ्ठी स्वखर्चानें छापी व मतदानाच्या जागीं लोकांच्या हातीं देई. मतदार ती पेटींत टाकी. कागद पुष्कळदां रंगीत असे, म्हणजे कोणीं कोणाच्या बाजूनें मत दिलें तें दुरूनहि कळे. या चिठ्ठीस ‘तिकीट’ म्हणत. आपल्याकडे ‘अमक्या पक्षाचें तिकीट मिळालें’ असें जें आजहि बोलतात, त्या प्रयोगाचें मूळ त्या छापील चिठ्ठींत आहे. चिठ्ठी गेली, शब्द मात्र राहिला.

सरकारनें छापलेली, सर्व उमेदवारांचीं नांवें असलेली व एकांतांत भरावयाची पत्रिका प्रथम १८५६ सालीं ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया व साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींत आली. इंग्लंडनें ती १८७२ सालीं घेतली. अमेरिकेंत सबंध संस्थानास ती लागू करणारा पहिला कायदा मॅसॅच्युसेट्सनें १८८८ सालीं केला. तेथील मांडणी पदवार होती : आधीं एका अधिकारपदाचें नांव, त्याखालीं त्या पदाच्या सर्व पक्षांच्या उमेदवारांचीं नांवें, मग दुसरें पद, मग तिसरें. दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १८८९ सालीं, इंडियाना संस्थानानें निराळी मांडणी योजिली. तींत प्रत्येक पक्षास एक उभा रकाना. माथ्यावर पक्षाचें नांव, कांहीं संस्थानांत गरुड किंवा कोंबडा असें चित्र. आणि खालीं वरिष्ठ पदापासून कनिष्ठ पदापर्यंत त्या पक्षाचे सारे उमेदवार. रकान्याच्या माथ्याशीं एक वर्तुळ असे. त्यांत एक फुली केली कीं खालच्या सर्वांस मत पोंचलें. ओहायोनें १८९१ सालीं सरकारी पत्रिका स्वीकारली ती या दुसऱ्या, रकानेवार पद्धतीची. आणि पुढें अर्धशतकाहून अधिक काळ तीच चालली.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. आपल्या विधानसभेच्या निवडणुकींत मतदार एका वेळीं एकाच जागेपुरतें मत देतो. अमेरिकन मतदार एकाच दिवशीं गव्हर्नर, सेनेटर, हिशेबतपासनीस, खजिनदार, न्यायाधीश, जिल्ह्याचे अधिकारी अशा अनेक पदांचा निर्णय करतो. पत्रिका लांब असते. म्हणूनच ती उभी वाचावी कीं आडवी, या प्रश्नास तेथें इतकें महत्त्व आलें.

(३)

या दोन मांडण्यांचा भेद वेदाध्ययनाच्या परिभाषेंत फार स्वच्छ सांगतां येतो. रकानेवार पत्रिका म्हणजे संहितापाठ : सर्व पदें संधीनें जोडलेलीं, एका श्वासांत म्हणावयाचीं. पदवार पत्रिका म्हणजे पदपाठ : प्रत्येक पद सुटें, प्रत्येकावर थांबावयाचें. अक्षरें दोहोंतहि तींच. भेद इतकाच कीं, एकांत वाचकास जोडलेलें मिळतें व तोडावयाचें असल्यास त्यानें श्रम करावयाचे; दुसऱ्यांत तोडलेलें मिळतें व जोडावयाचें असल्यास श्रम त्याचे.

१९४९ चें कलम वाचलें तर तें पदपाठाचें किती काटेकोर सूत्र आहे तें दिसतें. त्यांत मुख्य विधि चार. पहिला : एका पदाच्या सर्व उमेदवारांचीं नांवें त्या पदाच्या नांवाखालीं एकत्र द्यावीं. दुसरा : नांवांचा क्रम निरनिराळ्या पत्रिकांत फिरता ठेवावा, म्हणजे प्रत्येक नांव शक्य तों सारख्याच वेळां आरंभीं, मध्यें व शेवटीं येईल. तिसरा : पक्षाचें नांव उमेदवाराच्या नांवाखालीं किंवा नांवापुढें, परंतु त्याहून कमी ठळक टाइपांत छापावें. चौथा : मतदारानें प्रत्येक उमेदवारास मत देतांना निराळी खूण करावी, एका खुणेनें अनेकांस मत देण्याचा मार्ग नसावा. राष्ट्राध्यक्ष व उपराष्ट्राध्यक्ष यांच्या निर्वाचकांपुरता मात्र या चौथ्या विधीस अपवाद ठेविला आहे.

(४)

आतां पूर्वपक्ष पाहूं. १९४८ सालीं ओहायोंत ट्रूमन अवघ्या ७,१०७ मतांच्या आधिक्यानें विजयी झाले आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे फ्रँक लॉश हे गव्हर्नर म्हणून निवडून आले. लॉश हे अतिशय लोकप्रिय होते व १९५० सालीं पुन्हां उभे राहणार होते. त्याच वर्षीं रिपब्लिकन पक्षाचे टॅफ्ट यांची सेनेटची मुदत संपत होती. १९४४ सालीं टॅफ्ट केवळ सुमारें १७,७०० मतांनीं तरले होते. शिवाय त्यांचें नांव ज्यास जोडलें गेलें त्या १९४७ च्या मजूरविषयक कायद्यामुळें कामगारसंघ त्यांजवर फार रुष्ट होते. जुनी पत्रिका राहिली असती तर लॉशकरितां डेमोक्रॅटिक वर्तुळांत फुली करणारा मतदार, मनांत तसा हेतु नसतांहि, टॅफ्टविरुद्ध मत देऊन मोकळा झाला असता. हें भय रिपब्लिकन पक्षास होतें, आणि तें खरें होतें.

फळहि तसेंच दिसतें. १९५० सालीं लॉश सुमारें दीड लक्ष मतांनीं गव्हर्नर झाले, आणि त्याच मतदारांनीं टॅफ्ट यांस सुमारें ४,३१,००० मतांच्या आधिक्यानें सेनेटवर पाठविलें. पुढें स्वतः टॅफ्ट यांनींच असा अदमास सांगितला कीं, या आधिक्यापैकीं एक ते दोन लक्ष मतें नव्या पत्रिकेमुळें मिळालीं असावीं. लाभ ज्याचा त्याचीच कबुली ! याहून बळकट पुरावा कोणता, असें पूर्वपक्षाचें म्हणणें.

(५)

याचें उत्तर असें. प्रथम ती कबुलीच घेऊं. आधिक्य ४,३१,०००; त्यांतून टॅफ्ट सांगतात तीं जास्तींत जास्त, म्हणजे दोन लक्ष मतें वजा केलीं तरी २,३१,००० उरतात. म्हणजे ज्या साक्षीवर ‘पत्रिकेनें टॅफ्ट तरले’ हा सिद्धांत उभा आहे, तीच साक्ष पत्रिकेवांचूनहि ते तरले असते असें सांगते. साक्षीदाराचें अर्धें वाक्य घ्यावयाचें व अर्धें सोडावयाचें, हें साक्षीशास्त्रास धरून नाहीं.

दुसरें, १९४४ चा दाखला. त्या वर्षीं जुनीच रकानेवार पत्रिका होती. तरीहि रिपब्लिकन टॅफ्ट सेनेटर झाले आणि डेमोक्रॅटिक लॉश सुमारें १,१२,००० मतांनीं गव्हर्नर झाले. दोघांच्या आधिक्यांची बेरीज घेतली तर एका पक्षाकडून दुसऱ्याकडे झुकणारें अंतर १,३०,००० च्या आसपास येतें. संहितापाठ समोर असतांहि ओहायोच्या मतदारास पदच्छेद करतां येत होता, हें यावरून स्पष्ट आहे. १९५० सालीं तेंच अंतर ५,८०,००० च्या वर गेलें, हें खरें. नव्या मांडणीनें पदच्छेद सोपा केला हेंहि खरें. परंतु सारा फरक मांडणीच्या खातीं जमा धरणें म्हणजे इतर रकमा वहींतून पुसून टाकणें होय. त्या वर्षीं टॅफ्ट यांचे प्रतिस्पर्धी जोसेफ फर्ग्युसन हे हिशेबतपासनीस म्हणून परिचित असले तरी राष्ट्रीय प्रश्नांवर टॅफ्ट यांच्या तोडीचे नव्हते. लॉश यांनीं त्यांच्या पाठीशीं मनापासून उभें राहण्याचें टाळलें. आणि टॅफ्ट यांनीं संस्थानचे ८८ हि जिल्हे पालथे घातले. हीं कारणें पत्रिकेंत नाहींत, पत्रिकेबाहेर आहेत.

तिसरें, प्रत्यक्ष कलमाचा अंतर्गत पुरावा. हा केवळ एका मनुष्यासाठीं रचलेला डाव असता, तर चौथा विधि तेवढा पुरेसा होता. माथ्यावरचें वर्तुळ पुसलें कीं काम झालें. नांवांचा क्रम फिरता ठेवण्याच्या विधीनें कोणाहि एकास कायमचा लाभ होत नाहीं. शिवाय हें कलम राज्यघटनेंत घातलें गेलें, एका निवडणुकीपुरत्या कायद्यांत नव्हे. टॅफ्ट १९५३ सालीं वारले. कलम त्यांच्या मागें टिकलें. आणि १९७६ सालीं त्यांत दुरुस्ती झाली तेव्हांहि पदवार मांडणीचें मूळ सूत्र कायम ठेवण्यांत आलें. जो कपटलेख असतो तो आपलें काम संपलें कीं उघडा पडतो किंवा विसरला जातो. हा लेख तसा नाहीं.

तेव्हां निर्णय असा : प्रवर्तकांचा हेतु स्वार्थी होता, हें मान्य, परंतु हेतूवरून लेखाची योग्यता ठरत नाहीं. जहागिरीच्या लोभानें सादर केलेली सनदहि अस्सल असूं शकते, आणि निःस्पृह मनुष्यानें जपलेला कागदहि बनावट निघतो. कागद आणणाराचा स्वार्थ दिसला म्हणजे आपण अधिक बारकाईनें पाहावें, एवढेंच. पाहणें सोडून निकाल देऊं नये.

(६)

परंतु एवढ्यावर थांबलों तर आम्हीहि एकांगी ठरूं. कारण दुसऱ्या बाजूसहि एक रूढ मत आहे, आणि तेंहि तपासलें पाहिजे. तें असें कीं, पदवार पत्रिका हीच शुद्ध पत्रिका. तींत मतदार विचार करूनच मत देतो. रकानेवार पत्रिका म्हणजे मेंढरांची वाट.

वैदिक परंपरेनें आपणांस याविषयीं सावध करून ठेविलें आहे. पदपाठ हा मूळ नव्हे, तोहि एक अर्थनिर्णयच आहे. शाकल्यानें एके ठिकाणीं ‘वायः’ या अक्षरांचीं ‘वा’ आणि ‘यः’ अशीं दोन पदें पाडलीं. यास्कानें निरुक्ताच्या सहाव्या अध्यायांत तो छेद मान्य केला नाहीं. जोडण्यांत जसा अभिप्राय असतो तसा तोडण्यांतहि असतो. पक्षाचें नांव बारीक टाइपांत छापा म्हणून सांगणारा विधि तटस्थ नाहीं. मनुष्य पक्षाहून मोठा मानावा, असा त्याचा स्पष्ट अभिप्राय आहे. तो कोणास पटेल, कोणास पटणार नाहीं. पण तो अभिप्राय आहे, हें लपवूं नये.

त्यास व्यवहारांतील बाजूहि आहे. प्रस्तुत लेखकानें हयातभर शाळेंत उत्तरपत्रिका तपासल्या. प्रश्न जितके अधिक व सुटे, तितके शेवटचे कोरे राहतात; आणि ते हुशार मुलाचे क्वचित्, ज्यास शिकवण कमी मिळाली त्याचे बहुधा राहतात. मतपत्रिकेचें असेंच आहे. जॅक वॉकर यांनीं १९६६ सालीं दोन्ही मांडण्यांची तुलना करून दाखविलें कीं, पदवार पत्रिकेंत मतदार खालच्या पदांपर्यंत येईतों थकतो व तीं कोरीं सोडण्याचें प्रमाण वाढतें. म्हणजे गव्हर्नर व सेनेटर यांच्यापुरता विवेक वाढला, पण खालचीं पदें मात्र थोड्यांच्या मतांनीं भरलीं जाऊं लागलीं, असें घडण्याचा संभव या मांडणींतच आहे. माथ्यावरच्या वर्तुळास मेंढरांची वाट म्हणणारानें हें विसरूं नये कीं, ज्यास बावीस नांवें परिचित नाहींत त्यास पक्षाचें एक नांव हाच अनेकदां खरा आधार असतो.

आणि लोकांचा कौल म्हणावा तर शेजारचेंच मिशिगन संस्थान पाहावें. तेथील विधिमंडळानें १९६४ सालीं हीच मॅसॅच्युसेट्सची मांडणी लागू केली. लोकांनीं त्याच वर्षीं सार्वमतानें ती फेटाळली. एका खुणेनें सबंध पक्षास मत देण्याची सोय पुढें विधिमंडळानें २००१ सालीं काढली. लोकांनीं २००२ सालीं तो कायदा रद्द केला. २०१५ सालीं ती पुन्हां काढण्याचा कायदा झाला. २०१८ सालीं लोकांनीं ती राज्यघटनेंतच घालून परत आणली. दोन शेजारी, एकच प्रश्न, उत्तरें परस्परविरुद्ध. यांतील एक शहाणें व एक वेडें, असें म्हणावयास आधार नाहीं. दोहोंत समान तें एवढेंच कीं, शेवटचा शब्द ज्यांच्या हातांत पत्रिका द्यावयाची त्यांचा होता.

(७)

ही चिकित्सा आपल्या घरच्या साधनांसहि लावली पाहिजे. प्राचीन भारतांत गुप्त मतदान होतें, असें अभिमानानें सांगतांना चुल्लवग्गांतील शलाकाग्रहणाचा आधार नेहमीं दिला जातो. आधार खरा आहे. संघांत वाद पडला असतां निरनिराळ्या रंगांच्या शलाका देऊन मत घेण्याचे तीन प्रकार तेथें सांगितले आहेत : गूढ, उघड व कानांत सांगून. परंतु त्याच ठिकाणीं हेंहि सांगितलें आहे कीं, गूढ प्रकारांत शलाका मोजल्यावर अधर्मवाद्यांची संख्या अधिक भरली, तर ग्रहण सदोष झालें असें ठरवून शलाका परत घ्याव्या. म्हणजे पद्धतीची शुद्धता फळावरून ठरवावयाची ! संघाची दृष्टि धर्मरक्षणाची होती व त्या दृष्टीनें तें सुसंगतहि असेल. पण अभिमानाच्या भरांत हें वाक्य गाळून पुढचें सांगणें हें संशोधन नव्हे. तसेंच उत्तरमेरूरच्या चोळकालीन शिलालेखाचें. तेथील कुंभांत ताडपत्रांवरील नांवें टाकून एका मुलाकडून काढवीत. ती सोडत होय, मतदान नव्हे. टॅफ्टच्या पक्षपात्यांस जो नियम, तोच आम्हांसहि लागू आहे.

शलाकांची गोष्ट फार जुनी झाली. अलीकडचेंच पाहावें तर १९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत आपल्याकडे प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी होती. चिन्ह पेटीवर असे, पत्रिकेवर नांवच नसे. पुढें पत्रिकेवर शिक्का मारण्याची रीत आली, त्यापुढें यंत्र आलें. पुणें महानगरपालिकेच्या २०१२ च्या निवडणुकींत प्रभाग दोन सदस्यांचे होते. २०१७ सालीं ते बहुतेक चार सदस्यांचे झाले, आणि मतदारानें अ, ब, क, ड अशा जागांसाठीं निरनिराळें मत द्यावयाचें ठरलें. दोन पदांचें वाक्य चार पदांचें झालें. यांतील कोणती रीत बरी, हा या लेखाचा विषय नाहीं. पण यांपैकीं एकाहि पालटाविषयीं मतदारास स्वतंत्रपणें विचारण्यांत आलें नव्हतें, ही गोष्ट इतिहासांत नमूद राहिली पाहिजे.

ओहायोच्या १९४९ च्या कागदाचें खरें मोल येथें आहे. त्याच्या प्रवर्तकांस स्वार्थ होता, विरोधकांसहि होता, दोन्ही पक्ष आपापला पाठ शुद्ध म्हणून सांगत होते. तरी तो वाद बंद दालनांत मिटला नाहीं. लोकांच्या अर्जानें तो प्रश्न उभा राहिला व लोकांच्या मतानें सुटला; आणि गंमत अशी कीं, नवी पत्रिका स्वीकारण्याचा निर्णय जुन्या पद्धतींत वाढलेल्या मतदारांनींच केला. पाठ कोणता घ्यावा याविषयीं संपादकांत मतभेद राहणारच. परंतु ग्रंथ ज्याचा आहे त्यास विचारून पाठ ठरविण्याचा प्रसंग विरळा. आणि म्हणूनच, टॅफ्ट यांचा लाभ वजा जातां जी बाकी उरते ती जपून ठेवण्यासारखी आहे.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. सनदा, बखरी, महजर आपण जपतों. पण गेल्या शंभर वर्षांतील नगरपालिकांच्या व कायदेमंडळांच्या निवडणुकींचे नमुना-कागद, उमेदवारांच्या चिठ्ठ्या व चिन्हांचीं पत्रकें रद्दींत जात आहेत. कोणाच्या दप्तरांत तीं असतील तर त्यांनीं टाकूं नयेत. कोणास मत पडलें तें सरकारी दप्तरांत मिळेल. तें मत कोणत्या मांडणींतून पडलें, तें मात्र या कागदांवांचून पुढच्या पिढीस कळणार नाहीं.